मीठ नेमकं कुठे पोचतं?



मिठामुळे कर्करोग वाढतो का, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नाला वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून दोन अगदी उलट उत्तरं मिळत असतात. एकदा वाचायला मिळतं की मिठाने कर्करोगाच्या पेशी फोफावतात. काही महिन्यांनी दुसरी बातमी येते की भरपूर मीठ खाऊ घातलेल्या उंदरांच्या गाठी आटल्या. दोन्ही बातम्यांच्या मुळाशी नीट केलेले, तपासून छापलेले प्रयोग असतात, आणि म्हणूनच वाचणारा गोंधळतो. या दोन निष्कर्षांत खरा विरोध नाही, विरोध दिसतो तो प्रश्न अर्धवट विचारल्यामुळे, असं मला वाटतं. मीठ कोणत्या पेशीपर्यंत पोचतं, किती तीव्रतेने पोचतं आणि तिथे त्याला कोणाची साथ मिळते, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हे ठरवून पाहिलं, तर जठराच्या बाबतीत माणसांमधला पुरावा आपण स्वयंपाकघरात बदल करावा इतका भक्कम आहे. शरीराच्या आत, गाठीच्या पोटात मीठ काय करतं, याचा पुरावा मात्र अजून प्रयोगशाळेतला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. पहिल्या पुराव्याचं वजन दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याच्या अनिश्चिततेने पहिला झाकू नये, एवढंच मला आज मांडायचं आहे.

सुरुवात पेशीपासून करू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतं आणि आत फार थोडं. बाहेर लिटरमागे साधारण १४० मिलिमोल, तर आत दहा-पंधरा. ही तफावत आपोआप टिकत नाही. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की पेशीच्या पटलात यासाठी एक पंप बसवलेला आहे. दर फेरीला तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. या कामासाठी स्कौ यांना १९९७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता याच पेशीभोवतीचं मीठ वाढवलं तर काय होतं? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि ती आक्रसते. तिच्यातली प्रथिनं दाटीवाटीने बसतात, डीएनएच्या साखळीत तुटी पडतात आणि विभाजन थांबतं. ताण सोसण्यापलीकडचा असेल तर पेशी मरते. सोसण्याजोगा असेल तर एनएफएटी-५ नावाचं नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि पेशी सॉर्बिटॉल, बीटेन, इनोसिटॉल यांसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवून आपलं पाणी राखते. मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या पेशी हे काम आयुष्यभर करतात. तिथल्या द्रवाची एकूण तीव्रता रक्ताच्या चौपट होऊ शकते, तरी त्या पेशी तगतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मीठ हे कर्करोगाच्या पेशीचं खाद्य नाही. काचपात्रातल्या पेशींवर पुरेसं मीठ टाकलं तर त्या वाढायच्या थांबतात, आणखी टाकलं तर मरतात. पण हे दोन वाक्यांत सांगून इथेच थांबणं धोक्याचं आहे, कारण एवढ्यावरूनच मीठ-पाण्याचे उपचार सुचवणारे लोक आहेत. त्याच मिठाने निरोगी पेशीही मरते. रक्तातलं सोडियम शरीर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं, आणि ते १६० च्या वर गेलं तर मेंदूच्या पेशी आक्रसू लागतात आणि रुग्णाच्या जिवावर बेततं. कर्करोगाची पेशी मारण्याइतकं मीठ रक्तात येण्याआधी माणूसच जाईल. काचपात्रातल्या पेशीला ना मूत्रपिंडाचं संरक्षण असतं, ना तहानेचं. तिथला निष्कर्ष ताटापर्यंत आणताना हे विसरून चालत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रक्तातलं सोडियम शरीर एवढं काटेकोर सांभाळत असेल, तर ताटातल्या मिठाने कोणत्याही पेशीचं काय बिघडणार? पण जेवणातलं मीठ रक्तात मिसळण्याआधी एका अवयवाला त्याच्या पूर्ण तीव्रतेनिशी भेटतं. तो अवयव म्हणजे जठर. खारवलेल्या मासळीचा तुकडा किंवा मुरलेल्या लोणच्याची फोड जठरात उतरते तेव्हा तिच्याभोवतीच्या द्रवात मिठाचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असतं. जठराच्या आतल्या भिंतीवर श्लेष्माचा एक थर असतो. जठर स्वतःच्याच आम्लात विरघळत नाही ते या थरामुळे. तीव्र मीठ हा थर पातळ करतं आणि खालच्या पेशींना इजा करतं. इजा झाली की दुरुस्तीसाठी नव्या पेशी विभागतात. हे वर्षानुवर्षं रोज घडत राहिलं, तर प्रत्येक विभाजनाबरोबर चूक होण्याची शक्यता वाढत जाते. मघाशी मीठ विभाजन थांबवतं असं म्हटलं आणि आता विभाजन वाढतं म्हणतो आहे. मिठाचा मारा बसलेली पेशी थांबते किंवा मरते, वाढते ती तिची जागा भरून काढणारी शेजारची पेशी. प्रयोगशाळेत आणि शरीरात उत्तरं वेगळी का येतात, याचं निम्मं स्पष्टीकरण इथेच आहे.

उरलेलं निम्मं एका जिवाणूपाशी आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये जठरातून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्याआधी, १९९४ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारकांच्या पहिल्या गटात घातलं होतं. जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या जठरात तो असल्याचे अंदाज आहेत, पण कर्करोग त्यातल्या थोड्यांनाच होतो. मग इतरांमध्ये नसलेलं काय त्या थोड्यांमध्ये असतं? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी या जिवाणूला जास्त मिठात वाढवलं, तेव्हा त्याच्या काही वाणांमध्ये कॅग-ए नावाच्या प्रथिनाचं उत्पादन वाढल्याचं दिसलं. हे प्रथिन जिवाणू जठराच्या पेशीत सुईने टोचावं तसं सोडतो, आणि आत गेल्यावर ते पेशीच्या वाढीचे संदेश बिघडवतं. २०१३ मध्ये याच गटाने मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर पुढचा प्रयोग केला. कॅग-ए बनवणाऱ्या जिवाणूची लागण आणि खारट आहार या दोन्ही गोष्टी ज्यांना मिळाल्या, त्या सगळ्या प्राण्यांना जठराचा कर्करोग झाला. तीच लागण पण साधा आहार असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५८ टक्के होतं. ज्या जिवाणूतून कॅग-एचं जनुकच काढून टाकलं होतं, त्याची लागण झालेल्यांमध्ये आहार खारट असूनही कर्करोग आढळला नाही. माझ्या लेखी या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. मीठ एकटं गुन्हेगार नाही, ते साथीदार आहे, आणि साथ कोणाला मिळते यावर परिणाम ठरतो. त्याआधी जपानमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं. कर्करोगजनक रसायन दिलेल्या उंदरांत मिठाने गाठी वाढवल्या, नुसत्या मिठाने त्या निर्माण केल्या नाहीत.

प्राण्यांत दिसलेलं माणसांत दिसतं का? जपानमध्ये सुमारे ३९,००० मध्यमवयीन स्त्री-पुरुषांचा अकरा वर्षं पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. पुरुषांमध्ये मीठ जसं वाढत गेलं तशी जठराच्या कर्करोगाची जोखीम वाढत गेली. स्त्रियांमध्ये एकूण मिठाचा संबंध तितका स्पष्ट नव्हता, पण खारवलेली मासळी आणि माशांची खारवलेली अंडी यांच्याशी असलेला संबंध दोघांतही दिसला. २०१२ मध्ये अशा अनेक पाहण्यांचं एकत्रित गणित मांडलं गेलं. सर्वांत कमी मीठ खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त खाणाऱ्यांची जोखीम ६८ टक्क्यांनी, तर मध्यम जास्त खाणाऱ्यांची ४१ टक्क्यांनी अधिक निघाली. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४,७१,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून व्हिएन्नातल्या संशोधकांनी दाखवलं की ताटात नेहमीच वरून मीठ घेणाऱ्यांमध्ये जठराचा कर्करोग, ते कधीच किंवा क्वचित घेणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त आढळला. हे आकडे ऐकताना एक ध्यानात ठेवा. मुळात लहान असलेली जोखीम ४० टक्क्यांनी वाढली तरी ती लहानच राहते. पण लोकसंख्येच्या पातळीवर त्या लहान वाढीचे हजारो रुग्ण होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खारवलेलं अन्न खाणारा माणूस बहुधा ताजी भाजी आणि फळं कमी खातो. खारवलेल्या मांस-मासळीत नायट्राइट आणि नायट्रोसमाइन असतात, कधी धूरही दिलेला असतो. मग दोष मिठाचा कसा? विसाव्या शतकात अमेरिकेत जठराचा कर्करोग झपाट्याने उतरला, त्याचं श्रेय घरोघरी आलेल्या फ्रिजला देतात. फ्रिजमुळे मीठ कमी झालं आणि ताजं अन्न वाढलं, हे दोन्ही एकदमच घडलं. हा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळत नाही. दक्षिण चीनमध्ये खातात ती खारवलेली मासळी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, पण ती नाक-घशाच्या कर्करोगासाठी, आणि तिथे संशय मुख्यतः नायट्रोसमाइनवर आहे. पण हाच आक्षेप सर्वत्र लावता येत नाही. ब्रिटनच्या पाहणीत प्रश्न खारवलेल्या अन्नाचा नव्हता, ताटात वरून घेतलेल्या साध्या मिठाचा होता. जर्बिलांना मासळी खाऊ घातलेली नव्हती, मीठच दिलं होतं. आणि मिठाने कॅग-ए वाढतं हे दिसलं ते नायट्राइट नसलेल्या काचपात्रात. तीन वेगळ्या वाटांनी येणारा पुरावा एकाच जागी पोचतो, तेव्हा प्रत्येक वाटेतला खड्डा दाखवून ती जागाच नाकारता येत नाही.

भारतात मीठ भरपूर खाल्लं जातं आणि हेलिकोबॅक्टरची लागणही सर्रास आहे, तरी देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग तुलनेने कमी आहे. शास्त्रज्ञांना हे कोडं अनेक दशकं पडलेलं आहे. ते पूर्ण सुटलेलं नाही. पण देशाची सरासरी बाजूला ठेवून नकाशा जवळून पाहिला, तर चित्र बदलतं. मिझोरममध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे झालेल्या अभ्यासात धुरावर वाळवलेलं, खारवलेलं मांस आणि मासळी, आंबवलेल्या डुकराच्या चरबीचं साउम आणि स्वयंपाकात टाकला जाणारा सोडा यांच्याशी संबंध दिसला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात रुग्णांची तुलना करून झालेल्या अभ्यासात सुकी मासळी नियमित खाणाऱ्यांमध्ये जोखीम जास्त आढळली. एका रुग्णालयातल्या तुलनेवरून अख्ख्या कोकणाच्या जेवणाला दोषी ठरवणं चूक होईल. सुकट, जवळा, सोडे, खारा बांगडा हे पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरांना मिळणारं स्वस्त प्रथिन आहे आणि ते वाळत घालून विकणाऱ्या कोळी स्त्रियांच्या पोटाचा प्रश्नही आहे. या मासळीतही फरक आहे. बोंबील, जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळतात. खारा बांगडा मिठात मुरतो. तो पाण्यात भिजत ठेवून ते पाणी फेकून दिलं तर मीठ बरंच कमी होतं, आणि अनेक घरांत हे पूर्वापार होतच आलं आहे. सैंधव वापरलं की प्रश्न मिटतो, असंही ऐकू येतं. सैंधवाचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो. जठराच्या अस्तराला त्याचा रंग कळत नाही.

आता शरीराच्या आत जाऊ. इथे मी जास्त सावध बोलणार आहे, कारण पुरावाच तसा आहे. सोडियम दाखवणाऱ्या विशेष एमआरआयने स्तनातल्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत सोडियम शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा बरंच जास्त दिसलं. म्हणजे रक्तातलं सोडियम स्थिर असलं तरी गाठीतलं स्थिर नसतं. २०१३ मध्ये येल आणि हार्वर्डच्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की भोवतीचं मीठ थोडं वाढवलं की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी टीएच-१७ या दाहक रूपाकडे झुकतात. अमेरिकेत टेनेसीमधल्या एका गटाने पुढे दाखवलं की मीठ आणि या पेशींतून स्रवणारं आयएल-१७ हे संदेशवाहक प्रथिन, हे दोन्ही मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचं विभाजन वाढवतात. इथवरचा धागा ‘मीठ वाईट’ असं सांगतो. पण २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी उंदरांना खारट आहार दिला, तेव्हा त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी लहान राहिल्या, कारण प्रतिकारशक्तीला दाबून धरणाऱ्या पेशींचा दाबच मिठाने सैल झाला होता. २०२१ मध्ये फरिदाबादच्या भारतीय संशोधकांनीही उंदरांत असाच परिणाम दाखवला. खारट आहाराने आतड्यातल्या जिवाणूंची रचना बदलली, बिफिडोबॅक्टेरियम गाठीपर्यंत पोचले आणि गाठ मारणाऱ्या एनके-पेशी अधिक सक्रिय झाल्या. २०२४ मध्ये जर्मनी आणि इटलीतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मिठाच्या संपर्कात आलेल्या मारक टी-पेशी अधिक ऊर्जेने काम करतात आणि कर्करोगाच्या पेशी अधिक चांगल्या मारतात.

यावर तिसरा आक्षेप येईल: मग इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला बळ देणारा उपचार, घेणाऱ्या रुग्णाने मीठ वाढवावं का? नाही. या प्रयोगांत उंदरांना त्यांच्या नेहमीच्या खाद्यातल्या मिठाच्या आठ-दहा पट मीठ दिलेलं होतं, आणि गाठी आठवड्यांच्या हिशेबात वाढणाऱ्या होत्या. माणसाची गाठ वर्षांच्या हिशेबात वाढते, आणि त्या वर्षांत रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड यांवर मिठाचा भार पडतच राहतो. शिवाय उंदरांतही एकाच मिठाने एका गाठीत दाह वाढवला आणि दुसऱ्या गाठीत संरक्षण. कोणत्या रुग्णात काय होईल हे आज सांगता येत नाही. आणि २०२४ च्या संशोधनातला सर्वांत आशादायक भाग आहाराचा नाहीच. टी-पेशी शरीराबाहेर काढून, प्रयोगशाळेत मिठात तयार करून परत सोडल्या तर त्या उंदरांत गाठ अधिक चांगली आवरतात. हे तंत्र माणसांत यशस्वी झालं, तरी त्यात रुग्णाने चमचाभरही जास्त मीठ खायची गरज पडणार नाही.

या संदर्भात मुंबईतल्या एका कामाचा उल्लेख मला करायलाच हवा, कारण सोडियम आणि कर्करोग यांचा संबंध माणसाच्या उपचारापर्यंत कसा आणावा याचं ते उत्तम उदाहरण आहे. आक्रमक कर्करोगाच्या पेशींच्या पटलावर सोडियमची विद्युत-दारं जास्त उघडी असतात आणि ती पेशींना पसरायला मदत करतात, असं लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले मुस्तफा जमगोझ यांच्यासह अनेक संशोधक तीन दशकं मांडत आले आहेत. लिडोकेन हे भुलीचं साधं, स्वस्त औषध हीच दारं बंद करतं. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या अकरा केंद्रांत चाचणी झाली. तिच्यात सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेनची इंजेक्शनं दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्यांत ८६.६ टक्के होतं, न दिलेल्यांत ८२.६ टक्के. हयात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. लिडोकेनचा परिणाम नेमका सोडियमच्या दारांमुळेच झाला की आणखी कशाने, हे चाचणीने सिद्ध केलेलं नाही. पण चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट, पाच वर्षांचा धीर आणि मोजलेली माणसं यांतूनच खात्री येते. आहारातल्या मिठाने कर्करोग बरा होतो असं म्हणणाऱ्या कोणाकडेही असं काही नाही.

तेव्हा निरोगी माणसाने काय करावं, याचं उत्तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीतला पाव यांतलं मीठही आलं. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे. ताटात वरून मीठ घेण्याची सवय मोडावी, मिठात मुरवलेलं रोज न खाता अधूनमधून खावं, आणि जठराच्या तक्रारी लांबत गेल्या तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांकडे हेलिकोबॅक्टरच्या तपासणीबद्दल विचारावं. हा जिवाणू प्रतिजैविकांच्या ठरावीक उपचाराने जातो, आणि मिठाला साथीदार मिळू नये यासाठी तोच सर्वांत थेट उपाय आहे.

ज्यांच्या घरी आज कर्करोगाचा उपचार चालू आहे, त्यांना मात्र एक वेगळी विनंती. केमोथेरपीत उलट्या-जुलाबांनी आणि काही औषधांच्या परिणामाने रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, आणि अशा वेळी मीठ एकदम तोडणं धोक्याचं ठरतं. कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्याही बातमीवरून रुग्णाचं मीठ वाढवू नका आणि बंदही करू नका. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि सोडियमची रक्ततपासणी करून घ्या.